मागे कुणी उभं आहे का

मगरनानांनी ब्रेकवर पाय रोवला, गिअरचा दांडा मुठीत धरला आणि मागे खेचला. दांडा ‘पार्क’वरून तसूभर हलला नाही. इंजिन मात्र मजेत गुरगुरत होतं, या भांडणाशी आपला काही संबंध नाही अशा थाटात. नानांनी दांड्याचं बटण दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. दांड्याला गोंजारलं, त्याच्या खानदानाचा उद्धार केला, पुन्हा गोंजारलं. शेवटी खिशातून फोन काढला आणि गॅरेजवाल्याला लावला.

“बोला नाना. आज काय, मगर बॉनेटवर चढून बसली?”

“मगर परवडली. गाडी पार्कमधून निघत नाही. आणि मला स्टेशनवर जायचंय, पोरगी येतेय.”

“इंजिन चालू होतंय?”

“होतंय. दांडा अडलाय.”

“मग आधी ब्रेकचा दिवा बघा. ब्रेक दाबलाय हे गाडीला कळल्याशिवाय ती दांडा सोडत नाही, बनवलीच आहे तशी. तुम्ही ब्रेक दाबा आणि मागचा लाल दिवा लागतो का ते बघायला सांगा. मागे कुणी उभं आहे का?”

नानांनी आरशात पाहिलं. मागे पत्र्याच्या शेडचं उघडं फाटक, फाटकाबाहेर रिकामा रस्ता आणि रस्त्यापलीकडे एक बंद दुकान, एवढंच होतं.

“आहेत की. आमचे घड्याळकाका आहेत.”

“मग विचारा त्यांना.”

नानांनी ब्रेक दाबला आणि खिडकीतून मान बाहेर काढली. “काका, लागला का हो?” एखाद्याला वाकून बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते थांबले. मग फोनमध्ये म्हणाले, “लागतोय म्हणतात. दोन्हीकडचा.”

घड्याळकाका नावाचा माणूस या भूतलावर नव्हता.

नानांनी उभी हयात नदीवर लाँच चालवण्यात घालवली होती. एकदा ऐन मध्यधारेत लाँचचं इंजिन बंद पडलं आणि एका मगरीने मागून नाक लावून ती काठापर्यंत आणून दिली, ही त्यांची सगळ्यात गाजलेली कथा. नावही तिच्यावरूनच पडलं. ऐकणारा हसायला लागला, की नाना अगदी गंभीरपणे म्हणत, “डाव्या डोळ्याखाली तीळ होता तिच्या.” त्यावर हसणारा क्षणभर का होईना, गप्प बसे. लेक लहान असताना त्यांनी तिला या विद्येचं मर्म सांगून ठेवलं होतं. खऱ्या गोष्टीला कशाचा टेकू लागत नाही. थापेला मात्र एक नको असलेला तपशील लागतो, कुणी न विचारलेला. त्याच्यावर ती उभी राहते. तेव्हापासून बापलेकीत त्या तपशिलाला ‘तीळ’ म्हणायची पद्धत पडली. पोरगी उशिरा घरी आली आणि कारण सांगायला लागली, की नाना कान टवकारून तीळ शोधत आणि सापडला की मनातून खूश होत. रागवायचं काम तिच्या आईकडे होतं.

आई गेली. पोरगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. गेल्या वर्षी नाना न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दुधवाला येईपर्यंत तिथेच पडून राहिले. तेव्हा लेकीने निक्षून सांगितलं, “बाबा, एकतर घरात सोबतीला कुणीतरी ठेवा, नाहीतर घराला कुलूप लावून माझ्याकडे या. तिसरा रस्ता नाही.” जावयाची जुनी गाडीही तिने तेव्हाच पाठवून दिली, क्लच नसलेली, नानांचा डावा गुडघा जपणारी.

नानांनी त्याच संध्याकाळी सोबतीला माणूस ठेवला. बिनभाड्याचा, बिनबोभाट आणि बिनदेहाचा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला, झोपेत आकडे मोजणारा. लेक फोनवर विचारी, “काका कसे आहेत?” नाना सांगत, “मजेत. आज त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उघडलं आणि आतून एक मुंगी काढली. जिवंत.” असं करता करता काकांनी घरात चांगलंच बस्तान बसवलं. संध्याकाळी नाना दोन कप चहा करू लागले. एक आपला, एक काकांचा. दोन्ही तेच पीत. काकांचा नेहमी गार झालेला असे.

आणि आता लेक चार दिवसांसाठी येत होती, मुख्यतः काकांना भेटायला. नाना काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दाराशी त्यांनी जास्तीच्या चपला मांडल्या होत्या, पेल्यात दुसरा ब्रश ठेवला होता, आणि काका कालच बहिणीकडे गेले असं सांगायचं ठरवलं होतं. बहिणीला नेमकं काय झालं असावं यावर त्यांनी रात्री पुष्कळ विचार केला. फार आजारी पाडली असती तर काका लवकर परतले नसते, आणि ते नानांना नको होतं.

“दिवा लागतोय म्हणता,” गॅरेजवाला विचारात पडला. “शेडची जमीन उतरती आहे का?”

“फाटकाकडे आहे थोडी.”

“मग हँडब्रेक न ओढता पार्कला टाकली असणार तुम्ही. सगळा भार आतल्या खुंटीवर येतो आणि ती रुतून बसते. काकांना म्हणावं, मागून रेटा द्या. भार सुटला, की तुम्ही दांडा ओढा.”

नाना खाली उतरले. मागे जाऊन डिकीला खांदा लावला, गाडी इंचभर वर चढवली आणि दांड्याकडे धाव घेतली. ते पोचेपर्यंत गाडी पुन्हा होती तिथे येऊन बसली होती. दुसऱ्या खेपेला त्यांचा एक बूट मागेच राहिला.

“नाना, धापा का टाकताय?”

“काकांना दाखवत होतो, रेटायचं कसं ते. घड्याळातला माणूस, हात नाजूक.”

“नाही निघाला?”

“नाही.”

“मला जेवणानंतरच येता येईल. इथे एक इंजिन पोट फाडून ठेवलंय.” गॅरेजवाला जरा घुटमळला. “तशी एक चोरवाट आहे. दांड्याच्या बुडाशी नखाएवढं झाकण असतं. ते काढा, आत स्क्रू-ड्रायव्हर खुपसा आणि दाबून धरून दांडा ओढा. निघेल. पण दिवा नक्की लागतोय ना? लागत नसेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. तुम्ही थांबताय हे मागच्याला कळणार कसं? एखादा मोटारसायकलवाला पोराला मागे बसवून येत असेल, तो येऊन आदळायचा.”

“काकांनी स्वतः पाहिलं,” असं म्हणून नानांनी फोन ठेवला.

झाकण निघालं. स्क्रू-ड्रायव्हर आत गेला. दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा खाली आला. आता गाडी मागे घ्यायची, वळवायची, आणि लेक स्टेशनाबाहेर येते तोवर रुबाबात उभं राहायचं, एवढंच उरलं होतं. नानांनी सवयीने आरशात पाहिलं. काच, फाटक, रिकामा रस्ता.

पाण्याची खोली आणि लाँचमधली माणसं, या दोन गोष्टींबद्दल त्यांनी कधी थाप मारली नव्हती. मगर असेल, नसेल. पण फळी गळत असेल तर गळते म्हणायचं, मग उतारू कितीही बोंबलोत. त्यांनी जरा वेळ दांडा तसाच धरून ठेवला, मग हळूच पुन्हा पार्कला नेऊन बसवला आणि इंजिन बंद केलं. शेडच्या आढ्याला जुनं वल्हं टांगलेलं होतं. ते काढलं. त्याचा दांडा ब्रेकच्या पेडलवर टेकवला, पातं सीटच्या पाठीत अडकवलं आणि सीट पुढे सरकवून ते घट्ट आवळलं. पेडल खाली दबून राहिलं. मग नाना गाडीला वळसा घालून मागे गेले.

दोन्ही दिवे काळेठिक्कर होते. त्यांनी वाकून पाहिलं, काचेवर तळहात आडवा धरून पाहिलं. कुठे ठिणगी नाही. गाडी अशी किती दिवस फिरत होती, कोण जाणे. मागून बघून सांगणारं कुणी नव्हतं. काका जिथे उभे होते त्याच जागी नाना थोडा वेळ उभे राहिले. मग एका पायात बूट घालायचा राहिलाय हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी पुन्हा फोन लावला. “काका म्हणतात, दिवा लागत नाही.”

“मघाशी लागतोय म्हणाले ना?”

“मोतीबिंदू आहे त्यांना. घड्याळं बघून बघून डोळे गेले.”

“अहो, मग अशा माणसाला दिवा बघायला उभं करता?” गॅरेजवाला वैतागला. “अर्धा तास गेला माझा. पायाशी डावीकडे झाकण आहे, त्यातला ब्रेकच्या दिव्याचा फ्यूज काढून बघा. आतली तार शाबूत आहे का?”

फ्यूज शाबूत होता.

“म्हणजे पेडलच्या वरचा स्विच गेला. बोटाएवढा असतो. ब्रेक दाबल्याची बातमी तोच सगळीकडे पोचवतो. तो मुका झाला, म्हणून दिवा नाही आणि दांडाही नाही. नवीन घेऊन येतो. आणि नाना, काकांचे डोळे दाखवा कुणाला तरी.”

फोन ठेवतात न ठेवतात तोच तो वाजला. लेक होती.

“बाबा, मी उतरले. तुम्ही कुठे आहात?”

“घरीच अजून. गाडी रुसलीय.”

“असू दे, टॅक्सी करते. घड्याळकाका आहेत ना घरी?”

“ते काल गेले ग बहिणीकडे. पाय मुरगळला तिचा. कोंबडीमागे धावताना.” लगेच त्यांनी विषय बदलला. “जावईबापू नाही आले?”

“त्यांना रजा नाही. आणि घसा बसलाय, बोलवत नाही अजिबात. दिवसभर त्या कान तुटलेल्या पिवळ्या कपातून गरम पाणी पीत असतात.”

“जप म्हणावं,” नाना म्हणाले. जावयाचा घसा बरेच महिने बसलेलाच होता. नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना एकदम आठवलं, की काकांच्या खोलीतली चादर दुकानातून आणल्यासारखी सपाट आहे. ते लगबगीने आत गेले, बिछान्यावर आडवे झाले, इकडून तिकडे लोळले, उशीला डोक्याएवढा खळगा पाडला आणि लांबून बघून पुन्हा थोडा मोठा केला. मग खिडकीत एक जुनं घड्याळ उघडून ठेवलं. मनासारखं जमेपर्यंत बराच वेळ गेला. बाहेर टॅक्सीचं दार वाजलं तेव्हाच ते भानावर आले.

लेक शेडमध्ये उभी होती. तिच्यामागे टॅक्सीवाला सामान उतरवत होता. दोन दांडग्या बॅगा, एक खोका आणि दोरीने बांधलेला टेबलावरचा दिवा. चार दिवसांच्या मानाने सामान भारी होतं. पण ती सामानाकडे बघत नव्हती. गाडीचं दार सताड उघडं होतं आणि आत ब्रेक आणि सीट यांच्यामध्ये वल्हं ताठ बसलं होतं.

“बाबा, हे काय?”

“वल्हं.”

“ते दिसतंय.”

“वाळवी लागलीय का बघत होतो.”

लेकीने वल्ह्याकडे पाहिलं, मग मागच्या दिव्यांकडे, मग नानांच्या बूट नसलेल्या पायाकडे. वाकून त्यांच्या पाया पडावं की मिठी मारावी हे ठरेना म्हणून तिने त्यांचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. घरात शिरताना दाराशी काकांच्या चपला होत्या, तळवे कोरे करकरीत. तिने त्या पायाने सरळ केल्या आणि शेजारी आपल्या काढून ठेवल्या.

जेवताना ती प्रवासाबद्दल बोलली, नाना गाडीबद्दल बोलले. काकांचा विषय कुणी काढला नाही. मग गॅरेजवाला आला. हातातल्या पिशवीत हत्यारं, कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि दारातूनच त्याची टकळी सुरू झाली.

“कुठे आहेत तुमचे मोतीबिंदूवाले? सकाळभर मला दिवा लागतो, दिवा लागत नाही करून नाचवलं त्यांनी. जरा दर्शन तर घेऊ द्या.”

नानांनी तोंड उघडलं. काका काल बहिणीकडे गेले होते आणि आज सकाळी गाडीमागे उभे होते. दोन्ही एकाच माणसाच्या हातून होणं अवघड होतं. नानांनी आयुष्यात याहून अरुंद फटीतून लाँच काढली होती. पण आज समोर लेक उभी होती.

“पडलेत आत,” लेक म्हणाली. “रात्रभर डोळा लागला नाही त्यांचा. डाव्या कुशीवर झोपवत नाही ना त्यांना.”

“वय झालं, की कूस बदलतेच,” गॅरेजवाला म्हणाला आणि पाठीवर पडून गाडीत पेडलखाली शिरला.

नाना तिथेच उभे राहिले. डावी कूस. इतका सुरेख तीळ त्यांनाही सुचला नसता. लेक वल्हं उचलून आढ्याला टांगत होती, आणि त्यांच्या मनात कौतुक वर यायला लागलं तेवढ्यात त्याच्या पाठोपाठ दुसरंच काही वर आलं. कान तुटलेला कप. त्याच्या आधी केव्हातरी, फोनवर जावयाची चौकशी केली तेव्हा, त्याचे जोडे शिवायला टाकलेले, निळ्या दोऱ्याने. त्याच्याही आधी जावई आंघोळीला गेलेला, नवा साबण घेऊन. जावयाचा आवाज आपण शेवटचा कधी ऐकला, हे त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना.

“चहा टाकते,” लेक म्हणाली.

स्वयंपाकघरात कप दोनच होते, नानांचा आणि काकांचा. तिसरा शोधताना ती क्षणभर थांबली. मग आपल्या बॅगेची चेन उघडली, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि विसळून घेतलं. शेडमध्ये चहा आला तेव्हा एक कप नानांच्या हातात दिला, एक गॅरेजवाल्याला, आणि तिसरा तिने स्वतः घेतला. तो पिवळा होता. कान नसल्यामुळे तो तिला दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

नानांनी कपाकडे पाहिलं. लेकीने नानांकडे पाहिलं.

“साखर बरोबर आहे?” तिने विचारलं.

“बरोबर आहे,” नाना म्हणाले. ते गरम चहा पीत होते.

गॅरेजवाल्याने जुना स्विच काढून जमिनीवर टाकला, नवा बसवला आणि पाठ चोळत उभा राहिला. “बसा नाना. दाबा ब्रेक. आणि ताई, तुम्ही मागे जा. काकांना नका उठवू, मला आजच घरी जायचंय.”

नाना बसले. त्यांनी किल्ली फिरवली, ब्रेक दाबला आणि मान खिडकीबाहेर काढली. ओरडायला नाव मात्र पटकन सुचेना.

“पोरी, लागला का?”

माणसाला वाकून बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ गेला.

“लागला,” ती म्हणाली. “दोन्हीकडचा.”

दांडा पार्कमधून अलगद निघाला, पुन्हा आत गेला, पुन्हा निघाला. गॅरेजवाला समाधानाने हुंकारला, जुना स्विच खिशात घातला आणि काकांना नमस्कार सांगा म्हणून निघून गेला. त्याच्या मोटारसायकलचा आवाज रस्त्याच्या टोकाला विरला तरी नाना गाडीत बसूनच होते आणि लेक मागे उभी होती.

“बाबा.”

“हं.”

“काकांना विचाराल का, त्यांची खोली मला थोडे दिवस मिळेल का म्हणून?”

थाप मारायला नानांना कधी वेळ लागला नव्हता. आज लागला.

“विचारायला नको,” ते म्हणाले. “काका आता बहिणीकडेच राहणार आहेत. सकाळीच निरोप आला. घाईत चपला तेवढ्या इथेच राहिल्या.”

“अनवाणी गेले?”

“अनवाणी. कोंबडी पुढे आणि हे मागे.”

मागून हसू ऐकू आलं, आणि मधेच तुटलं. नानांनी आरशात पाहिलं. ती मान खाली घालून, डिकीवर एक हात टेकवून उभी होती. शेडमधल्या अंधुक उजेडात तिच्या ओढणीवर दोन्ही बाजूंनी तांबूस झाक पडली होती.

गाडी आज कुठे न्यायची नव्हती. नानांनी दांडा पार्कला घातला, हँडब्रेक ओढला, आणि ब्रेकवरचा पाय मात्र उचलला नाही.